गवताच्या मुलखात

पुढे गवताने भरलेला ट्रक असला की मी ओव्हरटेक करत नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत. पावसाळ्यानंतर डहाणू-तलासरीच्या माळांवर उभं राहणारं हे गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी खात आल्या. शहराच्या चहातल्या दुधाचं मूळ शोधत कुणी निघालाच, तर त्याला इकडेच यावं लागेल.

वाटेतली ओळख उरकून टाकतो. चारोटीच्या पुढे विवळवेढे. इथली महालक्ष्मी आदिवासींची मोठी देवी. चैत्र पौर्णिमेला यात्रा भरते, मुसळ्या डोंगरावर ध्वज लागतो. यात्रेवर दरवर्षी भरपूर छापून येतं. गवतावर कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

गुरांचा मुलूख म्हटला की लोकांना ऑस्ट्रेलिया आठवतो. तिथलं ॲना क्रीक हे एकच गुरांचं कुरण 15,000 चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आपले जवळजवळ तीन पालघर जिल्हे त्यात मावतील. पण तिथे गुरं गवतापाशी चरतात. इथे गवतच कापून, बांधून गुरांपाशी जायचं, आणि नफा ते कापणाऱ्याखेरीज सगळ्यांना व्हायचा. जमीन सावकाराची, माळ सावकाराचा. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली आदिवासी ‘लग्नगडी’ होऊन बायकोसह त्याच्याकडे राबायचा.

1945च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठीला नकार दिला गेला. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेने पुढची लढाई गवतावरच लढवली, हे मला फार हुशारीचं वाटतं. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. गवत वेळेत कापलं नाही तर त्याचा कस जातो, तेव्हा अडून बसायला कापणीइतका चांगला मोसम नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी त्यात गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक गाडीत ठेवूनच या रस्त्याला लागावं.

तलासरीच्या अलीकडे दापचरी. म्हशी शहरात आणि चारा इथे, हा उलटा व्यवहार सुलटा करायला सरकारने इथे दुग्ध प्रकल्प काढला. मुंबईतल्या आरे दूध वसाहतीनंतरचं हे मोठं स्वप्न. त्यासाठी हजारो एकर जमीन घेतली, कुर्झे धरण बांधलं. आज फिरलात तर ओस गोठे आणि पडक्या वसाहती दिसतात. कल्पना चुकीची नव्हती असं माझं अजूनही मत आहे. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासमोर ते बोलायला जीभ रेटत नाही.

जमल्यास कोसबाडकडेही वळा. वाट वाकडी होते, होऊ द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957मध्ये बोर्डीहून या टेकडीवर आल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात. घरच्यांना दोष न देता या दोघींनी कुरणशाळा काढली: गुरं चरतील तिथे शिक्षक जाणार, आजूबाजूचे दगड, पानं, बियाच पाटी-पुस्तक होणार, आणि एक डोळा गुरांवर ठेवून पोरं शिकणार.