एकोणीस हळकुंडं

हळद शिजवून खळ्यावर वाळत पडली, की रात्रीची राखण माझ्याकडं. आमच्या कळमनुरीकडं उन्हाळ्यात म्हाताऱ्यांच्या वाट्याला हेच काम येतं. मागोमाग नातवंडं अंथरूण घेऊन हजर. परवा धाकटा म्हणाला, "आबा, भुताची गोष्ट सांगा."

म्हटलं, भूत राहू दे, चार हळकुंडं उचलून आण.

ओळीनं मांडली. एक हळकुंड म्हणजे एकचा एक आकडा. झाले ११११. मधोमध फट पाडली, दोन इकडं, दोन तिकडं. अकरा आणि अकरा; म्हणजे ११ गुणिले १०१. सहा मांडली तर तीन-तीनच्या दोन जुड्या, १११ गुणिले १००१. हळकुंडांच्या सारख्या जुड्या पडल्या, की संख्या फुटलीच म्हणून समजा.

"मग सात मांडू," थोरली म्हणाली. सातच्या जुड्या पडत नाहीत, हे तिनं बरोबर हेरलं. पण ११११११ पुढं आणखी एक ठेवला, तरी ती फुटतेच: २३९ गुणिले ४६४९. बाहेरून चीर नाही अन् आत दोन फाका! मला ही संख्या लबाडच वाटते. तरी तिची एक खूण आहे. २३९ मधून एक काढा, २३८ उरतात. त्याला चौदानं भाग जातो. ४६४८ लाही जातो. चौदा म्हणजे सातची दुप्पट. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१. एकेक काढला की ४० आणि २७०, दोघांनाही दहानं भाग. पाच, सात, अकरा, तेरा अशा कुठल्याही मूळ संख्येइतकी हळकुंडं मांडा, त्या ओळीच्या प्रत्येक मूळ अवयवावर ही खूण असतेच.

अशा एकांच्या ओळींचं वेड असलेला एक मास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणं. त्यांनी या ओळींचे वर्ग केले. ११ चा १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. घाट चढावा आणि उतरावा तसे आकडे! मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनावर ही कल्पना सुचली, म्हणून नाव दिलं डेम्लो संख्या. गणितातल्या मोठ्या संख्येला रेल्वे स्टेशनाचं नाव देणारा माणूस मला फार आवडतो. पुढं १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कापरेकर कळले.

"आता एकोणीस आण," मी म्हणालो.

एकोणीस एक. जुडी पडत नाही. आतून फुटते का, हे बघायचं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे एकशे पाच कोटींपर्यंत, भागून बघावं लागेल. सेकंदाला एक भागाकार धरला तरी तेहतीस वर्षं. हळद राहील का तोवर? पण खूण हाताशी आहे: एकोणीसची दुप्पट अडतीस. अडतीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. उरल्या पावणेतीन कोटींच्या आसपास; रात्रंदिवस बसलं तर साडेदहा महिने.

"आणि मग फुटते?"

नाही फुटत. एकोणीस एकांची संख्या मूळच आहे. तेवीस एकांचीही. त्यानंतर थेट ३१७ एकांची, मग १०३१ एकांची. ही १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचं १९८६ साली सिद्ध झालं. त्याच वर्षी कापरेकर मास्तर गेले.

पोरं थोडा वेळ गप्प. धाकट्यानं मुठीतलं एक हळकुंड हळूच ओळीच्या टोकाला ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"वीस झाली. आता?"

थोरली अंथरुणातूनच म्हणाली, "दोन-दोनच्या जुड्या पाड की. अकरानं जातंय."