समुद्रातल्या पवनचक्कीची जमिनीवरची परीक्षा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणारे कारखाने आहेत आणि तेथे प्रत्येक हीटच्या, म्हणजे भट्टीतून उतरणाऱ्या प्रत्येक खेपेच्या, सळईचे तुकडे चाचणीयंत्राच्या जबड्यांत धरून तुटेपर्यंत ताणले जातात. ‘एफई ५०० डी’ प्रतीच्या सळईने भारतीय मानक १७८६ नुसार कायमची लांबू लागण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण सोसला पाहिजे आणि तुटेपर्यंत ती किमान १६ टक्के लांबली पाहिजे. ताण वाढत गेला की सळई एका जागी बारीक होते, मोठा आवाज होऊन तुटते, आणि तुटलेली टोके जुळवून लांबी मोजली की निकाल हाती येतो. समुद्रात उभारायच्या पवनचक्कीचे शंभर मीटरहून लांब पाते मात्र अशा कोणत्याच यंत्रात मावत नाही. ते कोठे धरायचे, किती काळ वाकवायचे आणि त्या खटाटोपाचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नांतूनच उद्योग आणि संशोधनसंस्था यांची भागीदारी उभी राहिली आहे.

भारतात पवनऊर्जेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ च्या सुमारास उभे राहिले, त्यांपैकी एक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होता आणि तेथील एकेका यंत्राची क्षमता ५५ किलोवॅट होती. आज व्हेस्टास या डॅनिश कंपनीचे समुद्रासाठीचे यंत्र १५ मेगावॅटचे, म्हणजे त्याच्या सुमारे २७० पट आहे आणि त्याचे एकेक पाते ११५.५ मीटर लांब आहे. समुद्रात पाया रोवणे, तळाशी केबल टाकणे आणि उभारणीसाठी जहाज आणणे यांचा खर्च यंत्रागणिक येत असल्याने थोडी पण मोठी यंत्रे परवडतात. परंतु तेथे बिघाड झाला, तर समुद्र शांत होईपर्यंत दुरुस्तीला जाणेही शक्य नसते. म्हणून दोष किनारा सोडण्यापूर्वीच सापडावा लागतो.

पात्याच्या चाचणीसाठी त्याचे मूळ, म्हणजे एरवी चक्कीच्या मध्यभागी जोडले जाणारे जाड टोक, काँक्रीट आणि पोलादाच्या अवजड ठोकळ्याला बोल्टांनी आवळले जाते. पहिल्या, स्थिर चाचणीत दोरखंड आणि विंच लावून पाते अनेक ठिकाणी एकाच वेळी ओढतात, तेव्हा त्याचा शेंडा कित्येक मीटर झुकतो आणि अंगभर चिकटवलेले संवेदक प्रत्येक ठिकाणचा ताण टिपत राहतात. त्यानंतर येते ती थकव्याची चाचणी. धातू असो वा काचतंतू, एका झटक्यात न तुटणारी वस्तू लहान भार पुन्हा पुन्हा सोसून तुटू शकते, यालाच अभियांत्रिकीत थकवा म्हणतात. पात्याला त्याच्या नैसर्गिक लयीत हलवत ठेवले, तर थोड्या शक्तीत मोठी हालचाल मिळते, आणि अशी लक्षावधी आंदोलने देऊन वीस-पंचवीस वर्षांची झीज काही महिन्यांत घडवून पाहता येते. पात्यांच्या चाचणीची रीत आंतरराष्ट्रीय मानक ६१४००-२३ मध्ये ठरलेली आहे.

इंग्लंडमधील ब्लाइथ येथे ओआरई कॅटापल्ट या सार्वजनिक संशोधनकेंद्राकडे अशा पात्यांचे चाचणीगृह आहे, तसेच १५ मेगावॅटपर्यंतचे यंत्र मनोऱ्याशिवाय, जमिनीवरच फिरवून पाहण्याची सोय आहे. तेथे प्रचंड विजेरी मोटर वाऱ्याची जागा घेते आणि मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटीतील, म्हणजे नॅसेलमधील, यंत्रणा भाराखाली फिरवली जाते. जीई कंपनीच्या हॅलिएड-एक्सचे १०७ मीटरचे पाते आणि नॅसेल याच केंद्रात तपासले गेले, तर पहिले पूर्ण यंत्र २०१९ मध्ये रॉटरडॅम बंदराच्या भूमीवर उभे राहिले. पुढे २०२० मध्ये डीएनव्ही जीएल या तटस्थ संस्थेने त्याला नमुना-प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र आराखडा, चाचण्यांचे निकाल आणि उत्पादनाची पद्धत या तिन्हींच्या तपासणीनंतर मिळते. ही परीक्षागृहे एकाच कंपनीच्या मालकीची असती, तर खर्च वसूल झाला नसता आणि निकालावर ग्राहकाचा, विमा कंपनीचा किंवा बँकेचा विश्वासही तितकाच बसला नसता.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. पुण्यातून चालणाऱ्या सुझलॉन कंपनीने २००७ साली जर्मनीची रीपॉवर ही कंपनी ताब्यात घेतली आणि २०१५ साली विकेपर्यंत ती सुझलॉनकडे होती. रीपॉवरची ५ मेगावॅटची यंत्रे आधी जमिनीवर पारखून मग स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे, बीट्रिस तेलक्षेत्राजवळ, सुमारे ४५ मीटर खोल पाण्यात उभारण्यात आली. पुढे जर्मनीच्या बोर्कुम बेटाजवळील आल्फा व्हेंटुस या प्रायोगिक पवनक्षेत्रात २०१० पर्यंत १२ यंत्रे सुरू झाली, त्यांतील सहा रीपॉवरची होती. वीजकंपन्यांनी यंत्रे चालवायची आणि फ्राउनहोफर या संशोधनसंस्थेच्या समन्वयाखाली अनेक संस्थांनी त्यांचे कंप, ताण आणि लाटांचा मारा मोजायचा, अशी वाटणी तेथे सरकारी पैशाने झाली. उत्तर समुद्रातील त्या प्रयोगातून पुढच्या यंत्रांचे आराखडे अधिक नेमके झाले.

तरीही नमुना-प्रमाणपत्राची एक मर्यादा आहे आणि ती जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत उघडी पडली. व्हाइनयार्ड विंड या प्रकल्पात हॅलिएड-एक्सचे एक पाते तुटून समुद्रात पडले आणि त्याचे तुकडे नॅनटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले. कॅनडातील गास्पे येथील कारखान्यात त्या पात्याचे भाग पुरेसे घट्ट चिकटले नव्हते, असे उत्पादक कंपनीने सांगितले. नमुना परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. चूक नंतर तयार झालेल्या नगात होती. म्हणजे सळईच्या कारखान्यात हीटगणिक होणाऱ्या चाचणीसारखी, पात्यागणिक सांध्यांची तपासणी झाली पाहिजे, हेच त्या अपघाताने ठळकपणे दाखवले.

भारतात पवनयंत्रांच्या चाचणीचे काम चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था करते. डेन्मार्कच्या मदतीने १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि तमिळनाडूतील कयथार येथे तिचे चाचणीकेंद्र आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि त्यात गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५००-५०० मेगावॅटचे प्रकल्प अपेक्षित आहेत. आपल्या समुद्रातील चक्रीवादळे, मॉन्सूनच्या लाटा आणि दमट खारी हवा उत्तर समुद्रापेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे युरोपातील प्रमाणपत्रावर सगळे सोपवणे धोक्याचे ठरेल.

येथे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालन्यालाही काम आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे, पात्यांतील राळ आणि डिंक हा मुळात रसायनशास्त्राचाच विषय आहे, आणि पोलाद तपासण्याची सवय येथील कारखान्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. लहान नमुन्यांवर डिंकाच्या सांध्यांचा थकवा मोजण्याची प्रयोगशाळा संस्था आणि उद्योग यांनी मिळून जालन्यात उभारावी, आणि पहिले पाते भारतीय समुद्रात उभे राहण्यापूर्वी राज्य सरकारने तिच्यासाठी निधी द्यावा.