मुक्या यंत्रास वाचा

नाशिक हे फार प्राचीन नगर. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. वाचनालयांतून जशी जुनी पुस्तके, तशाच गोदाकाठच्या जुन्या घरांतून पोथ्या, पत्रे व जमाखर्चाच्या वह्या जपलेल्या आढळतात. परंतु कागद किती काळ टिकणार? तो पिवळा पडतो, त्याला कसर लागते; आणि २०१९ साली आला तसा गोदावरीला महापूर आला, तर काठचे कागद एका दिवसात नष्ट होतात. यास्तव अशा कागदांच्या प्रतिमा वेळीच घेऊन ठेवणे आवश्यक असते. हे काम स्कॅनर नावाचे यंत्र करते.

स्कॅनरच्या सपाट काचेवर कागद पालथा ठेवतात. काचेखालून एक लहानशी गाडी हळूहळू सरकते. तिच्यावरील दिव्याचा प्रकाश कागदावर पडून माघारी येतो. कोऱ्या जागेवरून तो अधिक येतो, शाईवरून कमी. हा फरक एक प्रकाशग्राही पट्टी टिपते आणि त्याचे अंकांत रूपांतर होते. एका इंचाच्या लांबीत ३०० बिंदू टिपले, तर एका चौरस इंचात ९०,००० बिंदू होतात!

दिवा केव्हा लावावा, गाडी किती सरकवावी, हे मात्र संगणकाने सांगावे लागते. प्रत्येक यंत्राची भाषा निराळी असते. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. कारखानदार ती आपल्या यंत्राबरोबर देतो. पुढे संगणकाची कार्यप्रणाली बदलते. जुन्या यंत्रासाठी नवा दुभाषी कोणी करीत नाही. मग दिवा शाबूत, काच शाबूत, तरी यंत्र मुके होऊन अडगळीत पडते.

दुसऱ्या कोणी ती आज्ञावली सुधारावी, तर तिची मूळ संहिता बहुधा गुप्त असते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांना हीच अडचण आली. तेथील नव्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. त्याची सूचना संगणकावर मिळावी म्हणून त्यांनी संहिता मागितली. ती मिळाली नाही. ज्ञान असे कोंडून ठेवणे त्यांना रुचले नाही. १९८३ साली त्यांनी सर्वांना वाचता, बदलता व वाटता येईल अशा आज्ञावलींचे कार्य जाहीर केले.

पुढे याच विचारातून, १९९० नंतरच्या दशकात, डेव्हिड मॉसबर्गर, आन्द्रेआस बेक आदींनी स्कॅनरसाठी ‘सेन’ ही मुक्त आज्ञावली सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. एक माणसाशी व्यवहार करतो, दुसरा यंत्राशी. त्यामुळे नवे यंत्र आले, तर फक्त दुसऱ्या भागात भर घालावी लागते.

जे यंत्र ‘सेन’ ओळखत नाही, त्याचे काय करावे? प्रथम त्याचे क्रमांक पाहावेत. यू. एस. बी. तारेने जोडलेले यंत्र संगणकाला दोन क्रमांक कळविते : एक कारखानदाराचा, दुसरा यंत्राचा. पुष्कळदा दोन निराळ्या नावांच्या यंत्रांच्या पोटात एकच चिप असते. तसे आढळल्यास भावंडाच्या ड्रायव्हरमध्ये नवा क्रमांक नोंदवून पाहतात. काही यंत्रांना, ती चालू केल्यावर, कारखानदाराने दिलेली एक लहान फाईलही पुरवावी लागते. हेही न साधले, तर मूळ ड्रायव्हर आणि यंत्र यांच्यामधील संदेश टिपून, परकी भाषा शिकावी तसा एकेका संदेशाचा अर्थ लावतात. हे काम चिकाटीचे आणि सावधगिरीचे आहे. चुकीच्या आज्ञेने गाडी कडेवर आदळून घरघर करू लागली, तर तत्काळ वीज बंद करावी लागते.

प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. परंतु ज्याला ते येते, तो आपली नोंद सर्वांसाठी खुली करतो. मग त्याच जातीचे यंत्र नाशिकच्या एखाद्या शाळेच्या अडगळीतून बाहेर निघते, आणि त्याच्या काचेवर कोणाच्या तरी पणजोबांचे जीर्ण पत्र ठेवले जाते. विद्या दिल्याने वाढते असे म्हणतात. येथे ती मुक्या यंत्रासही बोलते करते.