आरशातला गोंगाट येतो कुठून?

कयाधूकाठची नरसी हे नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं, आणि त्यांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला, नागनाथाच्या देवळात, असं परंपरा सांगते. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या विसोबांना नामदेवांनी पाय काढायला सांगितलं, तेव्हा जिथे देव नाही अशी जागा दाखव, असं विसोबांनी म्हटल्याची कथा आहे. त्याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्यामागच्या संशोधनातही ‘कुठे’ या एका प्रश्नानं सगळी दिशा बदलली.

आधी वेधशाळेचं काम पाहू. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात पोकळी, तिच्यातून लेसर, टोकांना टांगलेले आरसे. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात, गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाते आणि या चार किलोमीटरच्या अंतरात फरक पडतो. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली.

तिथला आरसा म्हणजे अतिशुद्ध सिलिका काचेचा ४० किलोंचा ठोकळा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा, काचेच्याच बारीक तंतूंनी टांगलेला. आता गंमत बघा. या काचेतला एकेक अणू उष्णतेमुळे सतत थरथरतो, आणि ती थरथर मोजायच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी! काही सेंटिमीटर रुंदीच्या झोतात असंख्य अणूंची सरासरी निघते म्हणून बरंचसं जिरून जातं. तरीही संपूर्ण पृष्ठभागाची मिळून एक सूक्ष्म हालचाल उरतेच. हा उष्णतेचा गोंगाट कमी कसा करायचा?

कीर्तनातला टाळ आठवा. मोकळा धरून वाजवला की नाद घुमत राहतो. कडेला बोट लागलं की बद्द होतो. पदार्थाच्या आत ऊर्जा जिरवणारं घर्षण कमी असेल, तर उष्णतेची जवळजवळ सगळी थरथर त्याच्या स्वतःच्या सुरांपाशी गोळा होते. आरशाचे असे सूर सेकंदाला हजारो कंपनांचे असतात. मग लहरी जिथे ऐकायच्या, त्या शंभर-दोनशे कंपनांच्या पट्ट्यात शांतता राहते. घर्षण वाढलं की गोंगाट सगळीकडे पसरतो. म्हणून संशोधक विचारत होते, आरसा किती वेळ घुमतो? जास्त घुमणारी काच शोधा, नाहीतर कृत्रिम नीलमण्याचा स्फटिक वापरा.

१९९८ मध्ये युरी लेविन यांनी हा प्रश्नच नव्यानं मांडला. त्यांनी म्हटलं, आरशाच्या सगळ्या सुरांची बेरीज कशाला करता? लेसरला दिसतो तो फक्त समोरचा पृष्ठभाग. तेव्हा झोताच्या आकाराच्याच दाबानं तो पृष्ठभाग लयीत दाबतो आहोत अशी कल्पना करा आणि ऊर्जा कुठे जिरते ते पाहा. उत्तर चकित करणारं होतं. पृष्ठभागावरच्या घर्षणाचा गोंगाट झोताच्या त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो: त्रिज्या निम्मी केली तर चौपट. काचेच्या पोटातलं घर्षण इतकं महाग पडत नाही.

आणि पृष्ठभागावर असतो प्रकाश परतवणारा लेप! सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे आलटून पालटून दिलेले थर. प्रत्येक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, सगळे मिळून काही मायक्रोमीटर. ४० किलोंच्या ठोकळ्यावरची ही साय इतके दिवस हिशेबात नगण्य होती. मला या साऱ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कोणतंही नवं द्रव्य हाती न येताच संशोधनाची दिशा पालटली.

पण लेपात तरी नेमकं कुठे? थर एकमेकांवर जिथे टेकतात तिथे घर्षण होत असेल, ही शंका रास्त होती. म्हणून थरांची संख्या आणि दोन द्रव्यांचं प्रमाण बदलून नमुने बनवले गेले, लेप दिलेल्या चकत्या टाळासारख्या घुमवून त्यांचा नाद किती टिकतो ते मोजलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला: सांधे निर्दोष, मुख्य दोषी टँटलम ऑक्साइड. त्यानंतरच त्यात टायटॅनियम ऑक्साइड मिसळण्याला अर्थ आला. घर्षण उतरलं, आणि फ्रान्समधल्या लियॉनच्या प्रयोगशाळेनं तोच लेप लायगोच्या नव्या आरशांना दिला.

तिथेही शोध थांबला नाही. हे थर स्फटिक नसतात. अणूंची रचना अस्ताव्यस्त असते. धातूचा अणू आणि भोवतीचे ऑक्सिजन यांचे छोटे गट शेजाऱ्याला कोपऱ्यानं जोडलेले आहेत की कडेनं, हे आता पाहिलं जातं. कोपऱ्यानं जोडलेल्या रचनेत ऊर्जा कमी जिरते, आणि सिलिका तशीच असते. जर्मेनियम ऑक्साइडही तसंच. म्हणून टायटॅनियम मिसळलेल्या जर्मेनियम ऑक्साइडचा लेप करून पाहिला गेला, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याचं घर्षण टँटलमच्या लेपाहून कमी भरलं.