नवजात शिशू आणि दारी येणारी आशाताई

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील निवडक स्त्रियांना नवजात शिशूंच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती घरोघरी येतात. प्रसूती रुग्णालयात झाली तरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते.

मालवण परिसरातील आपल्या व्यापारी कुटुंबांनी ‘आमचे डॉक्टर आहेत’ असे म्हणून तिला खळ्यातूनच परतवू नये. ती बाळाचे वजन व तापमान पाहते, श्वास मोजते. किनाऱ्यावरील पावसाळी दमट हवेत बाळाला कोरडे व उबदार ठेवावे; आईच्या अंगाची ऊब सर्वोत्तम. पहिले चिकाचे दूध अवश्य पाजावे. सहा महिने गुटी नको, पाणीही नको. मध तर आपल्या आचारात वर्ज्यच. वर्षाआतील बाळास तो घातकही ठरू शकतो.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तप्त लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला, तर दुकान बंद होण्याची वाट पाहू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.