केळीतील प्रारणजन्य उत्परिवर्तन

कॅव्हेंडिश गटातील केळीच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. त्यामुळे फळ धरते, पण बी तयार होत नाही. लागवड मुनव्यांनी अथवा ऊतिसंवर्धित रोपांनी होते. परिणामी जळगावकडील बागांतील असंख्य झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकरूप असतात, व एका झाडास मारक ठरणारा रोग सर्वांसच मारक ठरू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘ग्रो मिशेल’ हा निर्यातीचा वाण पनामा मर रोगामुळे असाच मागे पडला.

संकराची वाट येथे अत्यंत अरुंद असल्याने उत्परिवर्तनाचे महत्त्व वाढते. त्यासाठी संवर्धित अग्रकोरकांवर कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण सोडतात. यात दोन अडचणी संभवतात. अग्रकोरक बहुपेशीय असल्याने बदललेल्या व न बदललेल्या पेशींचे मिश्र रोप निपजते. ते पुनःपुन्हा उपसंवर्धन करून शुद्ध करावे लागते. शिवाय बहुतेक उत्परिवर्तने अप्रभावी असून जनुकाच्या उरलेल्या दोन प्रतींमुळे ती झाकली जातात. म्हणूनच रोपांची संख्या मोठी घ्यावी लागते.

ऑस्ट्रियातील झायबर्सडॉर्फ येथे ‘ग्रांड नैन’च्या अग्रकोरकांना ६० ग्रे मात्रा देऊन ‘जीएन-६०ए’ हे लवकर फुलणारे उत्परिवर्तित रोप मिळाले. १९९० नंतरच्या दशकात मलेशियात ते ‘नोव्हारिया’ या नावाने प्रसृत झाले.

प्रारण केवळ विविधता निर्माण करते, तिची दिशा ठरवीत नाही. उपयुक्त ते वेचण्याचे कार्य अखेर शेतातील निवडीनेच साधावयाचे असते.