मल्हारीचा झाला मल्हार
जेजुरीच्या देवाचे नाव : सातबाऱ्यावरून हडपसरच्या फ्लॅटपर्यंत

सासवडकडचे एक आजोबा आमच्याकडे ठिबकच्या अनुदानाची चौकशी करायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन माणसांचे कागद होते. सातबाऱ्यावर नाव मल्हारी खंडू. आधार कार्डावर आप्पा खंडेराव. मी विचारले, "आजोबा, हे दुसरे कोण? भाऊ का?" ते म्हणाले, "साहेब, दोन्ही मीच. एक देवाचं, एक माझ्या आईचं."

आईचे नाव म्हणजे काय, ते समजायला वेळ लागला नाही. आमच्याही घरी तेच झाले आहे. आपल्याकडे आजा वारला की नातवाला त्याचे नाव ठेवायची रीत. बारशाला आत्या कानात 'मल्हारी' म्हणते, पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. पण दुसऱ्या दिवसापासून पंचाईत. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही! मग पोराला हाक कशी मारायची? आप्पा, बापू, नाना, देवा, जे सुचेल ते. तेच तोंडी बसते. शाळेत घालताना गुरुजींनी विचारले तर आई 'आप्पा'च सांगणार. शाळेच्या दाखल्यावरून ते रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि शेवटी आधारवर. वारसनोंदीच्या वेळी मात्र चुलते तलाठ्याला खरे नाव सांगतात, म्हणून उताऱ्यावर मल्हारी. पुरंदर, बारामती, दौंड, खेड या तालुक्यांत अशी जोडनावे किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. माझ्या टेबलावर मात्र ती नेहमी येतात, आणि त्यांत खंडोबाच्या नावांचा भरणा मोठा.

मूळ नाव मल्लारी. मल्ल अधिक अरी, म्हणजे मल्ल दैत्याचा शत्रू. 'मल्लारी माहात्म्य' या संस्कृत ग्रंथात मणी आणि मल्ल या दोन दैत्यांच्या वधाची कथा आहे. जेजुरीकडची जुनी माणसे सांगतात की, मरताना मल्लाने मागणे मागितले, देवा, तुझ्या नावाच्या आधी माझे नाव लागू दे. देवाने ते दिले. वैऱ्याचे नाव स्वतःच्या नावाआधी लावून घेणारा असा दुसरा देव मला तरी माहीत नाही. मल्लारीचे बोलताना मल्हारी झाले, मल्हारीचे मल्हार. हाच देव कर्नाटकात मैलार होतो आणि तेलंगणात मल्लण्णा. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. आपण ज्याचा गजर करतो त्या 'येळकोट'ची फोडही अभ्यासक कानडीतून करतात. येळू म्हणजे सात, सात कोटी. पुण्याचे डॉ. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या देवावर आयुष्यातली बरीच वर्षे घातली. ज्यांना खोलात जायचे त्यांनी ढेऱ्यांचे 'खंडोबा' वाचावे.

एकाच देवाची नावे एका घरात कशी फिरतात हे बघायचे तर होळकरांची वंशावळ घ्या. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर. खंडोजींचा मुलगा मल्हारराव, जन्म १६९३. त्यांचा मुलगा खंडेराव. खंडेराव आणि अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव. चार पिढ्या, आणि चारही नावांत देव एकच. मल्हारराव १७६६ मध्ये वारले तोवर या नीरेकाठच्या नावाचा दरारा पार उत्तरेत पोचला होता. दुसरे घर बडोद्याच्या गायकवाडांचे. ते मूळचे आपल्या खेड तालुक्यातल्या दावडीचे, शेजारीच निमगावचा खंडोबा. तिथे १८५६ ते १८७० खंडेराव गादीवर होते, आणि त्यांच्यानंतर १८७५ पर्यंत त्यांचे भाऊ मल्हारराव. शेतकऱ्याच्या घरात थोरला खंडू, धाकटा मल्हारी असतो, तसेच राजवाड्यातही होते.

पुढे या नावाला उतरती कळा लागली. कोणाला राग येऊ नये, पण शिकलेल्या पोरांना ते गावठी वाटू लागले. माझ्या वडिलांच्या पिढीत आमच्या आळीत तीन मल्हारी होते. माझ्या वयाच्या पोरांत एकही नाही, सगळे सचिन, संतोष आणि गणेश. पदविकेला असताना वसतिगृहात एका मल्हारीने स्वतःचे नाव 'एम. के.' असे सांगायला सुरुवात केली होती. तो आता मोठ्या बियाणे कंपनीत आहे आणि गंमत म्हणजे मुलाचे नाव मल्हार ठेवून बसला आहे!

कारण वारे फिरले. मागच्या दारातून गेलेले नाव पुढच्या दारातून परत आले, फक्त शेवटची वेलांटी गावाकडे ठेवून. आज हडपसर, वाकड, सिंहगड रस्ता, कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी उभे राहा. 'मल्हार, खाली उतर' ही हाक ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. माझ्या मुलाच्या बालवाडीच्या वर्गात दोन मल्हार आहेत. बाई त्यांना मोठा मल्हार, छोटा मल्हार म्हणतात. २०१४ ते २०१७ या काळात टीव्हीच्या पडद्यावर 'जय मल्हार' मालिका चालली, तिचा यात वाटा असावा असे माझे मत. त्या वर्षांत जेजुरीला शहरातली तरुण जोडपी जास्त दिसू लागली, हे तिथले भंडारा विकणारेही सांगतात. शिवाय नाव छोटे, जोडाक्षर एकच, इंग्रजीत लिहायला सोपे.

शहरातल्या सगळ्याच मल्हारांचा देव मात्र जेजुरीचा नाही. काही आईबापांनी ठेवले आहे ते रागाचे नाव. मल्हार हा पावसाळ्यात गायचा राग, तानसेनाच्या नावावरचा मियाँ मल्हार प्रसिद्ध आहे. रागाचे मल्हार आणि देवाचे मल्हार यांची वाट वेगळी, पण पुण्यात दोन्ही एका दारात येऊन उभी राहतात. आमच्या सोसायटीतल्या एका गायनप्रेमी काकांना मी नातवाच्या नावावरून 'येळकोट' म्हटले, तर त्यांनी मला मेघमल्हार आणि गौडमल्हार यांतला फरक अर्धा तास समजावून दिला. आम्हा शेतीखात्यातल्या लोकांना दोन्ही अर्थ चालतात. एक पाऊस आणतो असे म्हणतात. दुसऱ्याच्या चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो, म्हणजे चातुर्मासात वर्ज्य झालेले वांगे आणि कांदा पुन्हा चुलीवर येतात. मार्गशीर्षात वांग्याचा तोडा यावा असे बघून लागण करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. आमच्या वेळापत्रकापेक्षा त्यांना देवाचे पंचांग जास्त पाठ.

आता पुन्हा त्या आजोबांकडे येऊ. शेतकरी ओळख क्रमांक काढताना सातबारा आणि आधार यांची सांगड घालावी लागते. तिथे मल्हारी आणि आप्पा जुळेनात. एका कार्यालयात त्यांना सोपा उपाय सुचवला गेला की उताऱ्यावरचे नाव बदलून आप्पा करून टाका. उताऱ्यात लिहिताना चूक झाली असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून ती दुरुस्त होते, अर्ज ई-हक्क प्रणालीवर करता येतो. पण इथे चूक उताऱ्यात नव्हतीच. आजोबा बाकावरून उठले. "आज्याचं नाव मी माझ्या हातानं जमिनीवरनं काढू व्हय? तीन एकर त्याच्या नावानं आलीया. आप्पा कोण? आप्पाला कुठं जमीन हाय?"

मी त्यांना बसवून चहा दिला. मग दुसरी वाट धरली, जी लांबची आहे. आधारवरचे पूर्ण नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्धी लागते. प्रतिज्ञापत्र, फोटो, शुल्क, ऑनलाइन अर्ज. हे सगळे त्यांच्या हडपसरच्या नातवाने केले. दिवे घाट उतरून आजोबांना तीन वेळा पुण्यात यावे लागले. मधल्या काळात ठिबकचा हंगाम हातचा गेला आणि अंजिराला पाणी टँकरने घातले, हेही सांगितले पाहिजे. नावापायी झालेला हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. राजपत्राची प्रत आली तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीत ते पहिल्यांदा सगळ्या कागदांवर मल्हारी होण्याच्या मार्गाला लागले.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हा फेरा आधीच टाळावा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. नाव ठरले नसेल तर ते पुढे घालता येते, वर्षभर विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, सगळीकडे जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचे नाव लागते. तेव्हा बारसे कानात झाले तरी दाखल्यावर काय लिहिले ते घरातल्या शिकलेल्या माणसाने वाचून बघावे, वेलांटीसकट.

आजोबांच्या त्या नातवालाही मुलगा झाला आहे. नाव अर्थातच मल्हार. पोराची आई खासगी कंपनीत नोकरीला आहे, ती खणखणीत आवाजात 'मल्हार' म्हणून हाक मारते, आजेसासऱ्यासमोरसुद्धा. आजोबांना त्याचे काही वाटत नाही, उलट प्रत्येक वेळी तेच 'ओ' देतात. पणजीची मात्र जीभ वळत नाही. नवऱ्याचे नाव तिने साठ वर्षांत घेतलेले नाही, आता कशी घेणार? ती पोराला 'जेजुरीकर' म्हणते. परवा मी घरी गेलो होतो तेव्हा मी त्या पोराला विचारले, बाळ, तुझे नाव काय? तो म्हणाला, "जेजुलीकल."

मी नातवाला दाखला दाखवायला सांगितला. त्यावर मल्हार लिहिलेले आहे.